धडधड्या आणि तिघी जावा

हे तो लिहिणारच नव्हता. दोनदा बसला, दोनदा फाइल उडवली. तिसऱ्यांदा आईने मागून डोकावून विचारलं, “कुणाला पत्र लिहितोयस रे एवढं मोठं?” तेव्हा त्याने कॉम्प्युटरच बंद केला. अडचण अशी होती की ही गोष्ट लिहायची म्हणजे स्वतःची फजिती लिहायची, आणि त्या फजितीच्या पोटात एक खोटं बसलंय, तेही लिहायचं. फजितीचं काही वाटत नाही. चारचौघांत सांगितली की लोक हसतात, चहा मिळतो. खोटं सांगून चहा मिळत नाही. पण शब्द दिला होता. कुणाला दिला आणि का, ते येईलच.

तर बिल्डिंगमध्ये त्याला सगळे ‘इंजिनिअर’ म्हणायचे. इंजिनिअरिंग कॉलेजात तो आयुष्यात एकदाच गेला होता, तेही ऑफिसचं पाकीट पोचवायला. विम्याच्या ऑफिसात दिवसभर फॉर्म टाइप करणं हे त्याचं काम. कॉम्प्युटरचं जे काही ज्ञान होतं ते व्हिडिओ बघून आणि चालू वस्तू उघडून मिळवलेलं. उघडलेल्यांपैकी साधारण निम्म्या परत बंद झाल्या, आणि बंद झालेल्यांपैकी निम्म्या चालू झाल्या. बिल्डिंगला एवढं पुरेसं होतं.

पहिल्या मजल्यावर मास्तर राहायचे. वयाने त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, तरी मित्रच. संध्याकाळी ऑफिसातून आला की आधी मास्तरांकडे चहा, मग वर घरी. मास्तर जन्मापासून अंध, आणि अंध मुलांच्या शाळेत शिकवायचे. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक कॉम्प्युटर होता. पडद्यावर जे येईल ते तो मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि त्या कॉम्प्युटरला जोडलेला होता धडधड्या.

धडधड्या म्हणजे ब्रेलचा प्रिंटर. याला शाई लागत नाही. आत बारीक हातोड्या असतात, त्या जाड कागदावर ठिपके ठोकतात, आणि ते ठिपके बोटांनी वाचायचे. वय वर्षं सोळा, वजन गॅसच्या भरलेल्या सिलिंडरएवढं, आणि आवाज असा की स्टीलच्या डब्यात खिळे भरून कुणीतरी तो डबा जिन्यावरून सोडून दिलाय आणि जिना संपतच नाही. बिल्डिंगने त्याला हे नाव ठेवलं होतं आणि मास्तरांनी ते मोठ्या मनाने स्वीकारलं होतं. “नाव ठेवलं म्हणजे घरातला झाला,” म्हणायचे.

शाळेच्या वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका यावरच छापल्या जायच्या. अकरा मुलं, सहा विषय. छापल्या नाहीत तर? तर परीक्षेत कुणीतरी प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणार आणि मुलं ऐकणार. मास्तरांना नेमकं तेच नको होतं. “अरे, आयुष्यभर ऐकायचंच आहे त्यांना,” ते म्हणायचे. “परीक्षेचे तीन तास तरी स्वतः वाचू देत. प्रश्न परत वाचावासा वाटला तर कुणाची परवानगी मागायला नको.”

परीक्षेला बारा दिवस होते त्या रविवारी मास्तर भाजी आणायला गेले आणि जाताना किल्ली त्याच्याकडे देऊन गेले. काम इतकंच: कॉम्प्युटरचा बोलण्याचा आवाज जरा खरखरत होता, तो बघायचा. ते त्याने पाच मिनिटांत केलं. मग पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन आला. नवी आवृत्ती तयार आहे, घ्यायची का? खाली दोन बटणं. एकावर ‘आत्ता’, दुसऱ्यावर ‘नंतर’.

आता शहाण्या माणसाने काय करावं? चालू असलेल्या गोष्टीला हात लावू नये. पण इंजिनिअर म्हणवणाऱ्या माणसासमोर ‘आत्ता’ लिहिलेलं बटण आलं की त्याचं बोट त्याचं राहत नाही. त्याने दाबलं. टक्के चढायला लागले. चाळीस, साठ, त्र्याऐंशी. त्र्याऐंशीला ते वीस मिनिटं बसले. मग मशीन बंद झालं, चालू झालं, नव्या कपड्यांत समोर आलं आणि धडधड्याकडे बघून म्हणालं: अनोळखी उपकरण. सोळा वर्षांचा संसार, आणि अनोळखी. तो घाबरून जुन्या आवृत्तीकडे परतायला गेला, आणि परतायच्या नादात होतं नव्हतं ते सगळं पुसलं गेलं. प्रश्नपत्रिका पेनड्राइव्हवर होत्या म्हणून वाचल्या. बाकी पडदा काळा, आणि सतत बडबडणारं ते मशीन आता गप्प.

तेवढ्यात जिन्यात मास्तरांची काठी वाजली.

“काय रे, बोलत नाही ते?” दारातूनच मास्तरांनी विचारलं.

“गेलं मास्तर.”

“गेलं म्हणजे?”

“म्हातारं झालं होतं. कधीतरी जायचंच.”

“सकाळी ठणठणीत होतं.”

“मशीनचं असंच असतं. माणसासारखं,” तो म्हणाला. हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं पटलं की क्षणभर डोळे ओले झाले.

मास्तरांनी भाजीची पिशवी ठेवली, टेबलापाशी आले, आणि धडधड्याच्या पाठीवरून हात फिरवला. तापलेल्या माणसाच्या कपाळावरून फिरवतात तसा. ते त्याने बघितलं, आणि तिथूनच पुढचं सगळं रामायण घडलं. खरं बोलायची हिंमत नव्हती, मग भरपाई तरी भव्य करावी, असं त्याने ठरवलं.

“काळजी करू नका,” तो म्हणाला. “जगात जेवढ्या ऑपरेटिंग सिस्टिम आहेत, त्यांची मी शास्त्रशुद्ध तुलना करतो. कोणती जास्त उपकरणं ओळखते, कोणती न अडखळता चालते, सगळं मोजतो. जी पहिली येईल ती तुमच्या मशीनवर घालतो.”

“मला पहिली नको रे,” मास्तर म्हणाले. “धडधड्याला ओळखणारी हवी.”

हे वाक्य त्याने ऐकलं, पण समजायला त्याला दहा दिवस लागले.

घरी जाऊन त्याने आईला विषय समजावला. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभार बघणारी, प्रिंटर-बिंटर सगळ्यांना कामाला लावणारी. मुख्य तीन. एक सगळ्या ऑफिसांत असते, सगळ्यांशी ओळख, पण मधेच काम थांबवून स्वतःचंच आवरत बसते. दुसरी देखणी, पण स्वतःच्या कंपनीच्या मशीनशिवाय कुठेच नांदत नाही. तिसरी फुकट, जगभरच्या अनोळखी लोकांनी मिळून बनवलेली, दिसायला साधी, आणि तिचं बोलणं पहिल्या झटक्यात कुणालाच कळत नाही.

आई कणीक मळता मळता म्हणाली, “म्हणजे तिघी जावा म्हण की. थोरली, मधली, धाकटी.”

तिथून ती नावं पडली. खरी नावं मुद्दामच देत नाही, उगाच कुणाच्या माहेरच्यांना वाईट वाटायला नको.

तुलनेसाठी त्याने मास्तरांच्या मशीनवर थोरलीचीच नवी आवृत्ती परत घातली, कारण जुनी आता कुठे मिळेना. तिच्यात एक फाइल उघडली, तिला ‘तुलना’ असं नाव दिलं, आणि जे सुचेल ते तिच्यात टाइप करायला लागला. त्याला असं झपाट्यात लिहायची सवय होती. पहिल्याच दिवशी, उद्देश, व्याप्ती, वगैरे दोन पानं झाल्यावर, तिसऱ्या पानावर त्याच्या हातून सरळ उतरलं: ‘मशीन म्हातारं झालं नव्हतं. अपडेटचं बटण मी दाबलं. मास्तरांना न विचारता. आणि वर खोटं बोललो.’ लिहिल्यावर त्याला जरा हलकं वाटलं. मग पुढच्या दिवसांत त्याच्यावर इतकं काही टाइप झालं की ते पान तळाला गेलं आणि तो ते विसरला.

शास्त्रशुद्ध तुलना करायची तर एका प्रिंटरवर भागत नाही, भरपूर उपकरणं हवीत. म्हणून त्याने लिफ्टमध्ये कागद लावला: ‘आपल्याकडील जुनी कॉम्प्युटर-उपकरणे तपासून मिळतील. पहिला मजला.’ कुणी चार आणून देईल अशी त्याची कल्पना. दोन दिवसांत एकतीस आली. प्रिंटर, स्कॅनर, कॅमेरे, माइक, एक कळफलक ज्यात मुंग्यांनी घर केलं होतं, आणि एक वजनकाटा. वजनकाट्याला वायर होती म्हणून आणला, असं आणणाऱ्या बाईंचं म्हणणं. त्याने तोही जोडला. थोरलीने तो ओळखला आणि लगेच त्याच्यासाठी एक नवी आवृत्ती घ्या म्हणाली.

माणसं नुसती उपकरणं देऊन जात नाहीत, सल्लाही ठेवून जातात. वरच्या मजल्यावर वीजवाले काका राहायचे, वीजखात्यातून रिटायर झालेले. ते रोज साडेपाचला येऊन खुर्चीत बसायचे, पाच मिनिटं नुसते बघायचे आणि म्हणायचे, “अर्थिंग बघितलंस का?”

“काका, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.”

“असू दे की. सॉफ्टवेअरला अर्थिंग लागत नाही असं कुठे लिहिलंय?”

खरंच, असं कुठे लिहिलेलं त्याला दाखवता आलं नाही.

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टर होत्या. मधली त्यांच्या लॅपटॉपवर नांदायची, म्हणून तो लॅपटॉप त्याने दवाखाना बंद असेल तेवढ्या वेळापुरता मागून आणला. डॉक्टर म्हणाल्या, “ने, पण हात धुऊन लाव.” मधली खरोखर सुंदर होती. तिने कुरकुर केली नाही, अडकली नाही, चार दिवसांत एकदाही पडली नाही. फक्त धडधड्याची वायर घालायला तिला जागाच नव्हती. त्या वायरीला पंचवीस टाचण्यांचं रुंद तोंड, आणि लॅपटॉपला नखाएवढी दोन भोकं. त्याने मधे जोडायला एक तुकडा शोधून आणला. वायर बसली, दिवा लागला. मधलीने धडधड्याकडे बघितलं की नाही हेही कळू दिलं नाही.

मग सेक्रेटरी आले. बिल्डिंगचे सेक्रेटरी, काखेत रजिस्टर. “आवाजाची चाचणी चालू आहे म्हणे. अर्ज?”

“पण अजून आवाज झालाच नाहीये. तोच तर प्रॉब्लेम आहे.”

“झाला तर? आधी अर्ज. तीन प्रतींत.”

त्याने अर्ज लिहिला. ‘ध्वनीचे स्वरूप’ असा रकाना होता, तिथे ‘धडधड’ लिहिलं. सेक्रेटरींनी पेन उचललं नि परत ठेवलं. “धडधड असा प्रकार आमच्याकडे नाही. सौम्य, मध्यम, तीव्र. तीव्रला कमिटीची मीटिंग लागते, मध्यमला माझी सही पुरते, सौम्यला काहीच लागत नाही.”

“मग सौम्य लिहितो.”

“धडधड्या आहे तो. खोटं लिहू नका.”

हे ऐकून त्याचे कान का तापले ते सेक्रेटरींना कळलं नाही. त्याने मध्यम लिहिलं. परवानगी मिळाली: पाच ते सात, दाराला पडदा लावून.

स्थिरतेची परीक्षा वेगळी होती. मशीन सलग चालू ठेवायचं, किती तास टिकतं बघायचं. थोरलीची परीक्षा त्याने स्वतःच्या घरच्या मशीनवर लावली आणि बटणावर चिठ्ठी चिकटवली: ‘बंद करू नये.’ दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आला तर मशीन बंद.

“इस्त्री लावायची होती,” आई म्हणाली.

“चिठ्ठी वाचली नाहीस?”

“वाचली. इस्त्री झाल्यावर परत लावणार होते. मग विसरले.”

त्याने ‘तुलना’त नोंद केली: ‘थोरली, एकोणतीस तास. पडण्याचं कारण: आई.’

या सगळ्या धांदलीत मास्तर रोज शाळेतून यायचे, चहा टाकायचे आणि खिडकीपाशी बसायचे. एकदा थोरली त्यांच्या मशीनवर एक स्कॅनर तपासत होती. सगळं सुरळीत, पडद्यावर हिरवी टिकमार्क. मास्तर बशीत चहा ओतता ओतता म्हणाले, “आता अडकेल बघ.”

“नाही हो, मस्त चाललंय.”

“मशीनचा पंखा आधी श्वास घेऊन फिरत होता. आता धापा टाकतोय.”

त्याने पंख्याकडे कान दिले. त्याला काहीच फरक कळला नाही. बशी खाली टेकली आणि पडदा गोठला. त्यानंतर त्याने मुद्दाम लक्ष ठेवलं. चार वेळा मशीन अडकलं, चारही वेळा मास्तरांना आधी कळलं. तो एवढी कोष्टकं आखून, घड्याळं लावून जे मोजत होता, ते हा माणूस चहा पिता पिता ऐकत होता. त्याला मास्तरांबद्दल आदर आधीही होता, पण त्या दिवसापासून तो त्यांच्याजवळ बोलताना जरा जपून श्वास घ्यायला लागला.

“परीक्षा शुक्रवारी आहे रे,” नवव्या दिवशी मास्तर म्हणाले. आवाजात चीड नव्हती, हीच पंचाईत. चीड असती तर उलट बोलता आलं असतं. “शाळेत विचारत होते, वाचून दाखवायला माणसं बोलवायची का म्हणून. उद्या संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटलंय.”

त्या दिवसापर्यंतचा निकाल असा होता: एकतीसपैकी थोरलीने सत्तावीस ओळखली, मधलीने एकोणीस, आणि त्याने घरच्या मशीनवर घालून बघितलेल्या धाकटीने अकरा. डॉक्टरांचा प्रिंटर तिने पाहिलाच नाही, कॅमेऱ्यातून माणसं उलटी दाखवली, वजनकाट्याला तर ती माइकच समजली. शास्त्रशुद्धपणे ती शेवटून पहिली. तिच्यापाशी धडधड्याला न्यायचंसुद्धा त्याच्या मनात नव्हतं. पण थोरलीने ‘अनोळखी’ म्हणून दार लावलं होतं, मधलीने दारच ठेवलं नव्हतं, आता जाणार कुठे?

दहाव्या दिवशी त्याने ऑफिसात अर्धी रजा टाकली. दुपारी मास्तरांच्या रिकाम्या खोलीत, मास्तरांच्या मशीनवर धाकटी घातली, ‘तुलना’ची फाइल परत जागेवर ठेवली, आणि धडधड्याची वायर लावली. अपेक्षा काहीच नव्हती. पडद्यावर एक ओळ आली. धडधड्याचं नाव. कंपनीचं नाव, मॉडेलचा नंबर, अगदी बरोबर. खाली लिहिलेलं: तयार.

तो खुर्चीत सावरून बसला. त्याने ओळ परत वाचली. मग हे हिला कसं माहीत म्हणून शोधत शोधत आत गेला. धाकटीचं एक बरं असतं, ती पोटातलं सगळं उघडून दाखवते. आत एक छोटीशी फाइल सापडली, जेमतेम साठ ओळींची. कुणीतरी हाताने लिहिलेली, चौदा वर्षांपूर्वी. नाव असं की बाई की बाप्या तेही कळेना, आणि कुठल्या देशातलं हे तर मुळीच नाही. मधे एका ठिकाणी शेरा होता: ‘इथे दोन सेकंद थांबा. हे मशीन सावकाश विचार करतं, घाई केली तर रुसतं.’ आणि अगदी वर, पहिल्या ओळीत: ‘माझ्या बहिणीसाठी.’

बस. एवढंच. ना पत्ता, ना फोन, ना ‘आवडलं तर कळवा’.

तो कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसला. जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यात एका बहिणीकडे एक धडधड्या होता. तिच्या भावाने किंवा बहिणीने बसून त्याचा स्वभाव ओळखला, साठ ओळींत लिहिला, आणि जाताना दार उघडं ठेवलं, की अजून कुणाकडे असला तर चालू द्या. चौदा वर्षं ते दार उघडं होतं. आणि तो एकतीस उपकरणांचे मार्क मांडत बसला होता. त्याला एकदम देवळात आल्यासारखं वाटलं, आणि त्याने खरंच, कुणी बघत नाही हे बघून, पायातल्या चपला काढल्या.

मग त्याने एक पान छापलं. धडधड्याने दोन सेकंद विचार केला आणि सुरू झाला.

हाक न मारता माणसं गोळा करायची असतील तर धडधड्यासारखा उपाय नाही. आधी आई आली, हात पदराला पुसत. मग वीजवाले काका, मग डॉक्टर एका हातात हातमोजा घालून, मग सेक्रेटरी मनगटावरचं घड्याळ बघत. “पाचला अजून चार मिनिटं आहेत,” म्हणाले.

“सेक्रेटरीसाहेब, चालू झाला हो तो,” आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की सेक्रेटरींनी घड्याळ बाहीखाली लपवलं.

आता शेवटची परीक्षा, स्थिरतेची. शंभराच्या वर पानं छापायची आहेत, मधेच रुसला तर? सलग चाळीस पानं छापून बघायला हवीत. प्रश्नपत्रिकांचा जाड कागद वाया घालवायचा नाही म्हणून त्याने जुन्या कागदाची घडी लावली. पण छापायला चाळीस पानी मजकूर कुठून आणायचा? मशीनवर एकच मोठी फाइल होती. ‘तुलना’. त्याने ती दिली सोडून. नुसते तर ठिपके, कोण वाचतंय?

तुम्ही म्हणाल, त्या घरात हा प्रश्न पडूच कसा शकतो? पडला. डोळे असलेल्या माणसाला असे प्रश्न पडतात.

कागद घड्या घालत बाहेर पडायला लागला. सगळे वाकून बघत होते. काकांनी एक पान उजेडात धरलं, तिरकं केलं, आणि म्हणाले, “कोरं आहे. शाई संपली.”

“काका, याला शाई नसते.”

“मग अर्थिंग.”

तेवढ्यात मास्तर आले. दारातच थांबले. काठी हातातच, मान जरा तिरकी. धडधड्या पूर्ण आवाजात चालू होता आणि मास्तरांच्या चेहऱ्यावर असं काही पसरत गेलं की डॉक्टरांनी उगाचच खिडकीबाहेर बघितलं. ते टेबलापाशी आले, त्यांनी धडधड्यावर तळहात ठेवला, आणि तो थांबेपर्यंत तसाच राहू दिला. चाळीस पानं. एकदाही रुसला नाही.

“बघू दे ठिपके कसे उमटलेत,” म्हणून मास्तरांनी वरचं, म्हणजे शेवटचं पान घेतलं आणि बोटं टेकवली. दोन ओळी सरकली बोटं, मग थांबली. मास्तर हसायला लागले.

“काय झालं?” आईने विचारलं.

मास्तरांनी मोठ्याने वाचलं: “‘वीजवाले काका. एकूण सल्ले सतरा. विषय एकच.’”

त्याला आधी वाटलं, मास्तर गंमत करताहेत. मग कळलं, वाचताहेत.

“अर्थिंग महत्त्वाचंच असतं,” काका म्हणाले, पण जरा हळू.

“मास्तर, कळले ना ठिपके? द्या इकडे,” तो म्हणाला.

“थांब रे, बऱ्याच दिवसांनी काहीतरी चांगलं वाचायला मिळालंय.” मास्तर मागच्या मागच्या पानांवर जात होते. “‘सेक्रेटरी. आज विचारलं, अर्ज कोऱ्या कागदावर चालेल का. म्हणाले, कोऱ्या कागदासाठी वेगळा अर्ज आहे.’”

“आहेच,” सेक्रेटरी म्हणाले.

“‘मधली आणि डॉक्टरबाई. दोघी गोड बोलतात आणि आपल्याला तोंड उघडून बसवून ठेवतात.’”

डॉक्टर हसल्या. त्या हसल्या म्हणून सगळेच हसले. आई पुढे सरकून म्हणाली, “माझं काही आहे का त्यात?”

“आहे काकू. ‘स्थिरतेला मुख्य धोका: आई.’”

“लिही, लिही. उद्या इस्त्री तूच कर.”

तो भिंतीला टेकून उभा होता. चार दिवसांपूर्वीची पानं, मग आठ दिवसांपूर्वीची. मास्तर उलटे चालले होते, शेवटाकडून सुरुवातीकडे. मास्तरांच्या हातात बारावं पान आलं आणि त्याला तिसरं आठवलं.

“मास्तर, पुरे आता. पेपर छापायचेत, वेळ जाईल.”

“वाचू दे की त्यांना,” आई म्हणाली. “एवढं लिहिलंयस ते कुणीतरी वाचायला नको का?”

आठ. सहा. पाच. मास्तरांची बोटं ओळीवरून अशी जात होती, पाण्यावर हात फिरवावा तशी, आणि त्याही परिस्थितीत त्याच्या मनात आलं की किती देखणं आहे हे. लोक तोंडाने वाचतात, डोळ्यांनी वाचतात. हा माणूस स्पर्श करून वाचतो. याला काही लिहायचं तर खरंच जपून लिहायला हवं.

तिसरं पान. बोटं पहिल्या ओळीवरून गेली. थांबली. परत ओळीच्या सुरुवातीला आली आणि या वेळी सावकाश गेली. मास्तरांचा चेहरा हलला नाही.

“काय लिहिलंय?” काकांनी विचारलं. आता त्यांना गोडी लागली होती.

मास्तरांनी ते पान घडीवरून अलगद फाडून वेगळं केलं. “हे नीट उमटलेलं नाही. वाचता येत नाही,” ते म्हणाले. “बाकी झकास. चला, पेपर छापू या. सेक्रेटरीसाहेब, सातपर्यंत आहे ना आपल्याला?”

“आज आठपर्यंत चालवा,” सेक्रेटरी म्हणाले. “मी तसं लिहून ठेवतो.”

पेपर छापून झाले, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. धडधड्या एकदाच अडला, तोही कागद संपला म्हणून. शुक्रवारी त्याने परत रजा टाकली आणि मास्तरांबरोबर गठ्ठे घेऊन शाळेत गेला. परीक्षेच्या वर्गाबाहेर बाकावर बसला. आत अकरा मुलं, अकरा कागद. वाचून दाखवणारं कुणी नाही. कसलाही आवाज नाही. म्हणजे तसा एक होता, नीट कान दिल्यावर ऐकू येणारा, कागदावरून बोटं सरकण्याचा. एका मुलीने प्रश्न वाचला, विचार केला, परत पहिल्या ओळीवर बोट नेलं आणि पुन्हा वाचला. कुणाला विचारलं नाही.

घरी परतताना मास्तर त्याच्या कोपराला धरून चालत होते. रस्ता ओलांडून झाल्यावर तो म्हणाला, “मास्तर, ते तिसरं पान.”

“हं.”

“ते उमटलं होतं.”

“चांगलं उमटलं होतं.”

“मी सांगणार होतो.”

“अरे, मला त्या रविवारीच माहीत होतं,” मास्तर म्हणाले. “मी जिन्यात होतो तेव्हा मशीन ओरडून सांगत होतं. नवी आवृत्ती बसवत आहोत, कृपया मशीन बंद करू नका. आवाज नीट करायला तुलाच सांगितलं होतं ना मी? इतका खणखणीत केला होतास की खालच्या डॉक्टरांनापण ऐकू गेलं असेल. मी दोन पायऱ्या खालीच बसून राहिलो थोडा वेळ. म्हटलं, बघू या होतंय का.”

त्याला चालता चालता ठेच लागली.

“मग बोलला का नाहीत?”

“तुझी स्थिरतेची चाचणी चालू होती. मी पण एक लावली होती.” मास्तरांनी त्याचा कोपर जरा घट्ट धरला. “नऊ दिवस टिकलास. दहाव्या दिवशी हँग झालास.”

हसावं की रडावं हे त्याला ठरवता येईना, म्हणून त्याने नाक ओढलं.

“त्या साठ ओळीवाल्याचं तू सांगितलंस ना,” मास्तर पुढे म्हणाले, “ज्याने बहिणीसाठी लिहिलं होतं तो. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये. कोण कुठला, पण लिहून ठेवलं म्हणून माझी मुलं आज वाचू शकली. तूही लिहून काढ. हे सगळं. काका, अर्थिंग, वजनकाटा. माझ्यापाशी हसायला वाचायचं असं फार कमी आहे रे. सगळी पाठ्यपुस्तकं. आणि पहिली प्रत मला, ठिपक्यांत.”

“लोक हसतील मला.”

“हसतीलच. म्हणून तर. आणि एक, तिसरं पान गाळायचं नाही.”

बिल्डिंगच्या दाराशी ते थांबले. वरून वीजवाले काका गॅलरीतून ओरडून विचारत होते, झाली का परीक्षा, अडलं नाही ना कुठे. मास्तरांनी हात वर करून दाखवला. मग त्याच्याकडे चेहरा वळवून उभे राहिले. उत्तर मिळाल्याशिवाय आत जायचं नाही अशा बेताने.

“तिसरं पान जसंच्या तसं ठेवतो, मास्तर,” तो म्हणाला. “आणि त्याच्यावर काही टाइप करणार नाही.”